स्वतंत्र म्हणजे कोणापासून? कार्लोस रेयगादास यांच्याविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात मेक्सिकोचे दिग्दर्शक कार्लोस रेयगादास यांच्या कारकिर्दीवर एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यावर अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक पत्रे आली आणि त्यांतली बरीचशी भांडणाच्या तयारीने लिहिलेली होती, याचा मला मनापासून आनंद झाला. ज्या प्रश्नांची उत्तरे देण्याने चित्रपट पाहायला मदत होईल असे वाटले, ते येथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : रेयगादास मुळात वकील होते, असे आपण लिहिले होते. चित्रपटाचे रीतसर शिक्षण नसताना थेट पूर्ण लांबीचा चित्रपट करणे त्यांना कसे जमले?

रेयगादास यांचा जन्म १९७१ साली मेक्सिको सिटीत झाला. कायद्याची पदवी त्यांनी तिथेच घेतली, पुढे लंडनमध्ये सशस्त्र संघर्षाच्या कायद्याचा विशेष अभ्यास केला आणि नंतर ब्रुसेल्समध्ये मेक्सिकोच्या परराष्ट्र सेवेत नोकरी केली. रशियन दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्स्की यांच्या चित्रपटांचे वेड मात्र विद्यार्थिदशेपासूनच होते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे वयाच्या तिशीच्या आत, त्यांनी हा सुरक्षित मार्ग सोडला, बेल्जियममध्ये काही लघुपट करून हात बसवला आणि मग मायदेशी परतून ‘हापोन’ या पहिल्या चित्रपटाची जुळवाजुळव सुरू केली.

‘हापोन’ म्हणजे स्पॅनिशमध्ये जपान. चित्रपटात जपान कुठेच नाही. मेक्सिको सिटीच्या उत्तरेकडील इदाल्गो राज्यातल्या एका खोल दरीत आत्महत्या करण्याच्या इराद्याने शहरातून एक मध्यमवयीन माणूस येतो आणि असेन नावाच्या वृद्ध विधवेच्या धान्याच्या कोठारात मुक्काम करतो, एवढेच कथानक. हा चित्रपट १६ मिलिमीटर फिल्मवर चित्रित केलेला आहे, पण त्यासाठी अ‍ॅनामॉर्फिक लेन्स वापरल्यामुळे पडद्यावरची चौकट एखाद्या भव्य युद्धपटाइतकी रुंद दिसते. स्वस्त फिल्म आणि ऐसपैस चौकट यांच्या मेळातून दाणेदार, खरबरीत अशी जी प्रतिमा तयार झाली, तिच्यात त्या दरीतला खडक अक्षरशः हाताला लागतो. मला तर ही निवड सगळ्या चित्रपटशाळांच्या अभ्यासक्रमापेक्षा मोलाची वाटते, कारण हाताशी असलेला तुटपुंजा पैसा कुठे वाचवायचा आणि कुठे अजिबात वाचवायचा नाही, हे त्या वकिलाला पहिल्याच चित्रपटात कळले होते. २००२ साली रॉटरडॅम आणि त्यानंतर कान महोत्सवात तो दाखवला गेला आणि कानमध्ये पहिल्या चित्रपटासाठीच्या ‘कॅमेरा दॉर’ पुरस्काराच्या परीक्षकांनी त्याचा खास उल्लेख केला.

प्रश्न : ज्याचे चित्रपट युरोपातील निधीवर आणि सरकारी अनुदानांच्या व्यवस्थेत तयार होतात, त्याला ‘स्वतंत्र’ दिग्दर्शक म्हणणे ही दिशाभूल नाही का?

तीन वाचकांनी हा प्रश्न विचारला आहे आणि त्यांपैकी एकाने तो चांगल्यापैकी रागाने विचारला आहे. उत्तर थोडे लांब आहे, कारण मेक्सिकोत ‘स्वतंत्र’ हा शब्द कोणाच्या विरुद्ध उभा आहे, ते आधी पाहावे लागते.

मेक्सिकोत अनेक दशके शासन हेच चित्रपटव्यवसायाचे सर्वांत मोठे आश्रयदाते होते. स्टुडिओ, वितरण आणि चित्रपटगृहांची एक प्रचंड साखळी हे सारे कमी-अधिक प्रमाणात शासनाच्या हातात असे, त्यामुळे कोणता चित्रपट निघणार आणि तो कुठे लागणार, हे ठरवणारे दार एकच होते. पुढे उदारीकरणाच्या काळात हे सारे झपाट्याने मोडले. १९९२ च्या चित्रपट कायद्याने तिकिटांच्या दरांवरचे नियंत्रण उठवले आणि देशी चित्रपटांसाठी राखून ठेवायचा पडद्यावरचा वेळ १९९३ मधील ३० टक्क्यांवरून १९९७ पर्यंत टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आणला. १९९३ साली सरकारी चित्रपटगृहांची साखळी विकून टाकण्यात आली. जुनी, मोठी, स्वस्त चित्रपटगृहे बंद पडत गेली, त्यांची जागा मल्टिप्लेक्सने घेतली, तिकीट महागले आणि ज्या वर्गातला प्रेक्षक देशी चित्रपटांना गर्दी करत असे, त्यालाच दार बंद झाले. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात देशात वर्षाला जेमतेम दहा-पंधरा चित्रपट निघत होते, तेही एकेकाळी स्पॅनिश भाषक जगाला चित्रपट पुरवणाऱ्या देशात.

रेयगादास यांनी नोकरी सोडली ती याच सुमारास. ज्या उद्योगातून त्यांनी बंड करून बाहेर पडावे, असा उद्योगच तेव्हा जागेवर नव्हता. १९८३ मध्ये स्थापन झालेली ‘इमसिने’ ही राष्ट्रीय चित्रपट संस्था होती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिच्यामार्फत ‘फोप्रोसिने’ हा कलात्मक चित्रपटांसाठीचा निधी आला, पुढे व्यावसायिक चित्रपटांसाठी ‘फिदेसिने’ आला, आणि त्यानंतर कंपन्यांना आपल्या प्राप्तिकराचा १० टक्क्यांपर्यंतचा भाग चित्रपटात गुंतवून तेवढी करसवलत घेण्याची सोय झाली. या व्यवस्थेमुळे मेक्सिकोत आज चित्रपट निघतात. तिची नाजूक बाजूही आहे. २०२० साली सरकारने अनेक सार्वजनिक न्यास गुंडाळले, त्यांत हे दोन्ही निधी गेले आणि त्यांच्या जागी दुसरी योजना आली. त्या वर्षी मेक्सिकोच्या चित्रपटकर्मींनी जो आवाज उठवला, तो रास्त होता असे मला वाटते, कारण न्यासातला पैसा वर्षानुवर्षे टिकतो आणि अंदाजपत्रकातल्या तरतुदीचे मात्र दर वर्षी नव्याने ठरते.

आता मूळ आक्षेपाकडे येऊ. रेयगादास यांचे चित्रपट हायमे रोमांदिया यांची ‘मांताराया’ आणि स्वतः रेयगादास यांची ‘नो ड्रीम’ या छोट्या मेक्सिकन कंपन्यांनी फ्रान्स, नेदरलँड्स, जर्मनी, बेल्जियम अशा देशांतील भागीदारांसह उभे केले. अनेक भागीदार असण्याचा एक फायदा सहसा लक्षात येत नाही. कोणाचाच वाटा इतका मोठा नसतो, की तो संकलनाच्या टेबलाशी येऊन ‘इथली दोन मिनिटे काढा’ असे बजावू शकेल. निर्मितीचा खर्च लहान ठेवायचा, माणसे ओळखीतली घ्यायची, लेखन आणि दिग्दर्शन स्वतः करायचे आणि निर्मितीत स्वतःची कंपनी ठेवायची, अशी ही रीत आहे, आणि पाचही चित्रपटांत ती त्यांनी सोडलेली नाही. त्यांच्या ‘स्टेलेट लिख्त’, म्हणजे ‘निःशब्द प्रकाश’, या चित्रपटाची सुरुवात ताऱ्यांनी भरलेल्या आकाशापासून पूर्ण सूर्योदयापर्यंत जाणाऱ्या सुमारे सहा मिनिटांच्या एकाच दृश्याने होते. किड्यांची किरकिर, गुरांचे हंबरणे आणि हळूहळू फाकत जाणारा उजेड, याखेरीज त्यात काहीही घडत नाही. ती सहा मिनिटे कोणीही कापू शकले नाही, हे मी त्यांच्या स्वातंत्र्याचे प्रमाण मानतो. पैसा कोणाचा, या प्रश्नापेक्षा कात्री कोणाच्या हातात, हा प्रश्न या बाबतीत अधिक काही सांगून जातो.

या रीतीची किंमतही आहे आणि ती त्यांच्या चित्रपटांच्या सनावळीतच दिसते : २००२, २००५, २००७, २०१२, २०१८. सोळा वर्षांत पाच चित्रपट.

प्रश्न : ते व्यावसायिक नट का घेत नाहीत? गरीब, अननुभवी माणसांकडून पडद्यावर नग्नता आणि शरीरसंबंध करवून घेणे हे शोषण वाटत नाही का?

पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. रेयगादास यांना पडद्यावर अभिनयापेक्षा माणसाची उपस्थिती हवी असते. तयार नट आपल्यासोबत भावना दाखवण्याची एक भाषा घेऊन येतो. ज्याने कधी कॅमेऱ्यासमोर उभे राहिलेले नाही, तो माणूस फक्त आपला चेहरा, आपली चाल आणि आपला संकोच घेऊन येतो. ‘हापोन’मधील असेनची भूमिका करणाऱ्या माग्दालेना फ्लोरेस यांना पाहताना वृद्ध स्त्रीची ‘भूमिका’ हा शब्दच अपुरा पडतो. त्यांचे हात पाहिले तरी पुरे.

दुसऱ्या भागावर मात्र मी झटकन होय किंवा नाही म्हणणार नाही. ‘बाताया एन एल सिएलो’, म्हणजे ‘स्वर्गातील लढाई’, हा त्यांचा दुसरा चित्रपट २००५ साली कानच्या स्पर्धा विभागात होता. मेक्सिको सिटीतला एक वाहनचालक आणि त्याची बायको पैशासाठी एका बाळाचे अपहरण करतात, ते बाळ त्यांच्या हातून मरते, आणि हा चालक, मार्कोस, ज्या लष्करी अधिकाऱ्याकडे नोकरी करतो त्याच्या मुलीजवळ गुन्ह्याची कबुली देतो. शहरातल्या सोकालो चौकात रोज लष्करी इतमामाने चढवला-उतरवला जाणारा अवाढव्य राष्ट्रध्वज आणि ग्वादालुपेच्या बॅसिलिकाकडे, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चकडे, गुडघ्यांवर सरकत जाणारे यात्रेकरू ही त्यातली दृश्ये एकदा पाहिल्यावर विसरणे अवघड आहे. तरीही जगभर चर्चा झाली ती त्यातील उघड्या शरीरसंबंधांच्या दृश्यांची. मार्कोस हा बेढब, काळासावळा, मध्यमवयीन कामगार आहे आणि ती मुलगी गोरी, श्रीमंत, तरुण. मेक्सिकोच्या पडद्यावर पहिल्या प्रकारच्या शरीराला नोकर किंवा गुंड यापलीकडे स्थान नव्हते, तेच शरीर रेयगादास यांनी चौकटीच्या मध्यभागी आणले, आणि तेही चर्चमधल्या चित्रांत संतांकडे पाहावे तितक्या एकाग्रतेने. माझ्या मते या चित्रपटाचे धैर्य तिथे आहे.

परंतु धैर्य दिग्दर्शकाचे आणि उघडे पडणारे शरीर दुसऱ्याचे, ही विषमता त्यामुळे नाहीशी होत नाही. पत्र लिहिणाऱ्या भगिनींनी नेमके त्यावरच बोट ठेवले आहे आणि ते मला मान्य आहे. याच्याशी जोडून आणखी एक गोष्ट सांगायला हवी, की प्राण्यांच्या बाबतीतही त्यांच्यावर आक्षेप आले आणि ते मला अधिक गंभीर वाटतात. ‘हापोन’ ब्रिटनमध्ये प्रमाणित होताना तिथल्या मंडळाने प्राण्यांना प्रत्यक्ष इजा होत असल्याच्या कारणावरून त्यातील काही भाग कापायला लावला. माणूस निदान नाही म्हणू शकतो. पक्ष्याला ते म्हणता येत नाही. येथे माझी सहानुभूती दिग्दर्शकाकडे नाही.

प्रश्न : ‘स्टेलेट लिख्त’ची भाषा दिग्दर्शकाला येत नसताना त्यांनी तो चित्रपट कसा केला? आणि मेक्सिकोत ही माणसे कुठून आली?

ही भाषा म्हणजे प्लाउटडिच, उत्तर जर्मन बोलींच्या कुळातली. ती बोलणारे मेनोनाइट पंथाचे ख्रिस्ती शेतकरी आहेत. शस्त्र न उचलणे हे त्यांच्या धर्माचे मूळ तत्त्व असल्याने लष्करी सेवा आणि सक्तीचे सरकारी शिक्षण यांपासून दूर जाण्यासाठी ते शतकानुशतके देश बदलत आले. कॅनडात शाळांच्या भाषेवरून बंधने आली तेव्हा त्यांच्यातल्या काही गटांनी मेक्सिकोचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष आल्वारो ओब्रेगोन यांच्याकडून सैन्यभरतीतून सूट आणि स्वतःच्या शाळा चालवण्याची मुभा १९२१ मध्ये मिळवली, आणि १९२२ पासून ते उत्तरेकडील चिवावा राज्यात, कुआउतेमोक या गावाच्या परिसरात येऊन वसले. त्यांची वस्ती आजही तिथे आहे.

रेयगादास यांनी या समाजातली कथा याच समाजातल्या माणसांना घेऊन चित्रित केली. योहान हा बायकामुले असलेला शेतकरी दुसऱ्या स्त्रीच्या प्रेमात पडतो. तो हे लपवत नाही, बायकोलाही सांगतो आणि वडिलांनाही. पत्नी एस्थरचे काम मिरियम टेव्झ यांनी केले आहे. त्या कॅनडातल्या मेनोनाइट कुटुंबात वाढलेल्या नामवंत कादंबरीकार आहेत. या अनुभवानंतर त्यांनी २०११ मध्ये ‘इर्मा व्होथ’ ही कादंबरी लिहिली, आणि तिच्यात मेक्सिकोतल्या मेनोनाइट वस्तीत चित्रपट करायला आलेले एक चित्रपट पथक आहे. ज्याचे चित्रण झाले त्या समाजातून आलेल्या एका लेखिकेने पुढे चित्रण करणाऱ्यांचेच चित्रण केले, ही गोष्ट मला अतिशय आवडते. मागच्या प्रश्नातील विषमतेला अशी एखादी परतफेड मिळणे फार दुर्मीळ आहे.

भाषा न येण्याविषयी म्हणाल, तर चित्रपटात बोलणे मुळातच थोडे आहे. पहिल्याच प्रसंगात न्याहरीनंतर बायको-मुले बाहेर जातात, योहान खुर्चीवर चढून भिंतीवरचे घड्याळ बंद करतो आणि एकटा बसून रडतो. हा प्रसंग कोणत्याही भाषेत भाषांतर करावा लागत नाही. शेवटाविषयी येथे काही सांगणार नाही, पण ज्यांनी डेन्मार्कचे दिग्दर्शक कार्ल ड्रेयर यांचा १९५५ चा ‘ओर्डेट’ पाहिला आहे, त्यांना त्याची छाया स्पष्ट दिसेल. २००७ साली कानमध्ये या चित्रपटाला परीक्षक मंडळाचा पुरस्कार विभागून मिळाला आणि पुढल्या वर्षी मायदेशी ‘आरिएल’ हा सर्वोच्च चित्रपट सन्मानही मिळाला.

प्रश्न : २०१२ मध्ये कानमध्ये त्यांच्या ज्या चित्रपटाची पत्रकारांनी हुर्यो उडवली, त्यालाच दिग्दर्शनाचा पुरस्कार कसा काय मिळाला?

पत्रकारांसाठीचा खेळ वेगळा असतो आणि परीक्षक मंडळ वेगळे. त्या वर्षी मंडळाचे अध्यक्ष इटलीचे दिग्दर्शक नान्नी मोरेत्ती होते. तो चित्रपट म्हणजे ‘पोस्ट तेनेब्रास लुक्स’. या लॅटिन शीर्षकाचा अर्थ ‘अंधारानंतर उजेड’. यात काळाचा क्रम नाही, स्वप्न आणि जागेपण यांच्यामध्ये खूण नाही, हातात अवजारांची पेटी घेतलेला एक लालभडक सैतान रात्री घरात शिरतो आणि त्याचे स्पष्टीकरण शेवटपर्यंत मिळत नाही. बाहेरच्या चित्रणात चौकटीच्या कडा धूसर आणि दुहेरी दिसतात, मध्यभाग तेवढा लख्ख. जुन्या काचेतून डोकावल्यासारखे वाटते. दिवसातला चौथा चित्रपट पाहणाऱ्या थकलेल्या पत्रकाराचा संयम सुटावा, हे समजण्यासारखे आहे.

माझ्यापुरते सांगायचे, तर पहिल्या दहा मिनिटांसाठी मी या चित्रपटाचे सगळे दोष पोटात घालतो. चिखलाने भरलेल्या मैदानावर एक चिमुरडी एकटीच धावते आहे, भोवती गाई, घोडे आणि कुत्री आहेत, ती त्यांना नावाने हाका मारते, हळूहळू अंधारून येते, विजा चमकू लागतात आणि ती आईला बोलावू लागते. पडद्यावर भीती इतकी हळू चढताना मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, कानचा दिग्दर्शनाचा पुरस्कार ‘हेली’ या चित्रपटासाठी आमात एस्कालांते यांना मिळाला. एस्कालांते हे ‘बाताया एन एल सिएलो’वर रेयगादास यांचे सहायक होते आणि त्यांच्या पहिल्या ‘सांग्रे’ या चित्रपटाच्या निर्मितीत रेयगादास यांचा हात होता.

प्रश्न : स्वतःची मुले, स्वतःची पत्नी आणि शेवटी स्वतःलाच पडद्यावर आणणे ही आत्ममग्नता नाही का?

मैदानावरची ती मुलगी म्हणजे रेयगादास यांचीच मुलगी रुत. त्या चित्रपटातले मोरेलोस राज्यातले घरही त्यांचेच. २०१८ च्या ‘नुएस्त्रो तिएम्पो’ मध्ये ते आणखी आत शिरले. त्लास्काला राज्यात लढाऊ बैलांची पैदास करणारा एक कवी, त्याची बायको आणि एकमेकांना मोकळीक देण्याचा त्यांचा करार घोड्यांना शिकवणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या येण्याने मोडत जातो, अशी ही जवळजवळ तीन तासांची कथा. कवीचे काम स्वतः रेयगादास यांनी आणि बायकोचे काम त्यांच्या पत्नी नातालिया लोपेझ यांनी केले.

आक्षेपात तथ्य आहे. तीन तासांत काही जागी तो कवी आपल्याच दुःखाचे इतके विश्लेषण करतो की आपला धीर सुटतो. पण पाचही चित्रपट ओळीने पाहिले की मला त्यात एक दिशा दिसते. पहिला चित्रपट परक्या दरीत, दुसरा स्वतःच्या शहरात पण दुसऱ्या वर्गात, तिसरा पुन्हा परक्या भाषेत, चौथा स्वतःच्या घरात आणि पाचवा स्वतःच्या शरीरात. दुसऱ्यांच्या देहावर आणि दुःखावर कॅमेरा रोखणाऱ्या माणसाने अखेर तो स्वतःकडे वळवला. आपण ज्याला आत्ममग्नता म्हणता, त्यात मला वर चर्चिलेल्या शोषणाच्या प्रश्नाचे एक उत्तर दिसते. ते पुरेसे आहे की नाही, यावर आपले आणि माझे मतभेद राहू शकतात.

नातालिया लोपेझ यांच्याविषयी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण एकाही पत्रात त्यांचे नाव नव्हते. त्या मुळात संकलक आहेत आणि ‘स्टेलेट लिख्त’चे संकलन त्यांचे आहे. त्या सहा मिनिटांच्या पहाटेची लांबी ठरवणाऱ्या हातांत त्यांचे हातही होते. २०२२ मध्ये त्यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘मांतो दे खेमास’ या चित्रपटाला बर्लिन महोत्सवात परीक्षक मंडळाचे रौप्य अस्वल मिळाले.

प्रश्न : मेक्सिकोतली सामान्य माणसे हे चित्रपट पाहतात का?

फार थोडी. कायद्यानुसार नोंदणी झालेल्या देशी चित्रपटाला सहा महिन्यांच्या आत किमान एक आठवडा चित्रपटगृह मिळायला हवे, पण आठवडा म्हणजे दुपारचा एखादा खेळही असू शकतो. अशा चित्रपटांचा खरा आधार मेक्सिको सिटीतले ‘सिनेतेका नासिओनाल’ हे सरकारी चित्रपट संग्रहालय आणि मोरेलिया, ग्वादालाहारा येथील महोत्सव हाच आहे.

प्रश्न : यांपैकी एकच चित्रपट पाहायचा असेल, तर कोणता? मी एक सुरू केला आणि वीस मिनिटांत कंटाळून बंद केला.

‘स्टेलेट लिख्त’. शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर, खोलीत पूर्ण अंधार करून आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. आपल्याला कंटाळा आला यात आपली चूक काही नाही. लहान पडद्यावर ती पहाट नुसती काळी दिसते आणि तिच्यातले आवाज ऐकू येत नाहीत. पहिली सहा मिनिटे पाहून झाल्यावरही नको वाटले, तर खुशाल बंद करा आणि मला पुन्हा लिहा.